जहाजाचं स्मारक झालं, कापणाऱ्याचं काय?

आजचा विषय कळल्यावर एका मित्राने आम्हाला विचारलं, "कर्जत-खालापुरात जहाजं कुठून आली?" प्रश्न रास्त आहे. रायगडला मोठा किनारा आहे, पण आपले हे दोन तालुके घाटाच्या पायथ्याचे. इथे उल्हास आहे, पाताळगंगा आहे, समुद्र नाही. तरीसुद्धा जहाज आपल्यापर्यंत येऊ शकतं, फक्त तुकड्यातुकड्यांनी. जुन्या जहाजाची जाड प्लेट नव्याने वितळवावी लागत नाही. ती पट्ट्यांत कापतात, भट्टीत लाल करतात, रोलिंग मिलमधून काढतात आणि तिची सळई होते. सळईवर जहाजाचं नाव नसतं. नेरळपासून खोपोलीपर्यंत जी सेकंड होम उभी राहताहेत, त्यांच्या स्लॅबमध्ये कुठलं लोखंड आहे हे बिल्डरलाही सांगता येणार नाही. एखाद्या फार्महाऊसच्या भिंतीवर मात्र जहाजाची गोल खिडकी नाहीतर पितळी दिवा हौसेने लावलेला दिसतो. तेवढंच जहाज आपल्याला ओळखू येतं.

आज आम्हाला समीक्षा करायची आहे ती एका गोष्टीची. 'विक्रांत' मोडीत निघाली, ती हकिगत आपण महाराष्ट्रात कशी सांगितली?

गोष्ट तुम्हाला माहीत आहे. ४ मार्च १९६१ला नौदलात आलेली आपली पहिली विमानवाहू नौका. १९७१च्या युद्धात तिच्यावरच्या विमानांनी कॉक्स बाझार आणि चितगाववर हल्ले केले. १९९७मध्ये ती निवृत्त झाली, पुढे काही वर्षं मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. देखभाल परवडेना. २०१४मध्ये लिलावात सुमारे ६० कोटींना विकली गेली. वाचवण्यासाठी लोक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, पण ऑगस्ट २०१४मध्ये तोही मार्ग बंद झाला. नोव्हेंबरमध्ये मुंबईतच, दारूखान्याला, तिच्यावर गॅस कटर चालू लागले.

यानंतर काय झालं बघा. जानेवारी २०१६मध्ये लायन गेटजवळ तिच्या धातूचं स्मारक उभं राहिलं. पुढच्याच महिन्यात बजाजची 'व्ही' मोटरसायकल जाहीर झाली, विक्रांतचा धातू वापरलेली म्हणून. १९७१ची आठवण पेट्रोलच्या टाकीवर येऊन बसली. आम्ही याची टिंगल करत नाही. जहाजावर नोकरी केलेल्या माणसाला तो तुकडा हातात घेऊन भरून आलं असेल, तर ते खरंच आहे.

पण ही गोष्ट नीट ऐकली तर तिच्यात एक प्रकरण गाळलेलं आहे. आधी जहाज होतं, मग एकदम मोटरसायकल आली. मधे काय झालं? कुणी कापलं?

आपल्याकडून दारूखान्याला जायचं तर कर्जत लोकल धरा, कुर्ल्याला हार्बर लाइनची गाडी पकडा आणि रे रोडला उतरा. पूर्वेकडे निघालात की साखळदंड, नांगर, दोरखंड आणि प्लेटांचे ढीग लावलेल्या गल्ल्या सुरू होतात. पुढे बंदराचा चिखल. भरतीला जहाज आत ओढून घ्यायचं, ओहोटीला ते गाळात बसतं, आणि तिथेच त्याचे तुकडे पाडायचे. कामगार बहुतेक उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड, ओडिशाकडचे. काम ठेकेदाराकडे, ठेकेदाराचा मुकादम, मुकादमाची टोळी. या शतकाच्या सुरुवातीला बंदरातल्या कामगार युनियनने इथे संघटना बांधायला घेतली, तेव्हा पहिल्या मागण्यांत काय होतं? प्यायचं पाणी आणि प्रथमोपचार. यावरून समजून घ्या.

धोके दोन तऱ्हेचे आहेत. एक दिसणारा. बंद टाकीत तेलाची वाफ उरलेली असते, कटरची ज्योत लागली की स्फोट. वरून कापलेली प्लेट खाली येते. याची निदान पोलिसांत नोंद होऊ शकते. दुसरा धोका दिसत नाही. रंगातलं शिसं धुरातून छातीत जातं. केबलमध्ये पीसीबी असतात. शेवाळ आणि शिंपले धरू नयेत म्हणून जहाजाच्या बुडाला लावलेला विषारी रंग चिखलात उतरतो, आणि त्याच पूर्व किनाऱ्यावर, शिवडीला, आपण फ्लेमिंगो बघायला जातो. आणि सगळ्यात मुकाट म्हणजे अॅस्बेस्टॉस. जुन्या जहाजांच्या इंजिनरूममध्ये, पाइपांच्या वेष्टणात ते सर्रास असायचं. त्याचे तंतू फुप्फुसात जाऊन बसतात आणि आजार दिसायला दहा वर्षं लागतात, कधी चाळीस. तोवर जहाज संपलेलं, ठेकेदार बदललेला आणि माणूस गावी परतलेला असतो. गावचा डॉक्टर टीबीची औषधं देतो.

कायदा नाही का? आहे, आणि तीच खरी खंत आहे. जानेवारी १९९५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अॅस्बेस्टॉसच्या कामगारांबद्दल सांगितलं की त्यांच्या आरोग्याची नोंद काम सुरू झाल्यापासून किमान ४० वर्षं, किंवा काम सुटल्यावर १५ वर्षं, यातला जो काळ उशिरा संपेल तोवर जपायची. किती शहाणा आदेश! आजार उशिरा येतो हे ओळखून दिलेला. आता तो मुकादमाच्या टोळीला लावून बघा. ज्याचं नाव हजेरीच्या वहीत धड नाही, त्याच्या छातीचा एक्स-रे ४० वर्षं कोण सांभाळणार?

फ्रान्सची 'क्लेमांसो' आठवा. तीही विमानवाहू नौका. अॅस्बेस्टॉससकट गुजरातच्या अलंगला तोडायला निघाली होती. आरडाओरड झाली, आणि फेब्रुवारी २००६मध्ये राष्ट्राध्यक्ष शिराक यांनी ती परत बोलावली. शेवटी ती इंग्लंडमध्ये, हार्टलपूलला तोडली. तेव्हा आपल्याकडे चर्चा एकच होती, श्रीमंत देशांनी आपला कचरा आमच्या दारात टाकू नये. अगदी बरोबर. मग विक्रांत तर आपलीच होती. तिच्या वेळी जोरात भांडण झालं ते ती वाचवावी की नाही यावर. तोडायचीच तर कशी तोडावी, यावर त्याच्या निम्मंही झालं नाही.

२०१९मध्ये आपल्या संसदेने जहाज पुनर्वापराचा कायदा केला. हाँगकाँगचा आंतरराष्ट्रीय करारही २६ जून २०२५पासून अमलात आला. जहाजावर कोणती घातक द्रव्यं कुठे आहेत याची यादी आता ठेवावी लागते. चांगली गोष्ट आहे. पण तो करार युद्धनौकांना लागू नाही. म्हणजे ज्या जहाजांसाठी आपण सगळ्यात जास्त रडतो, तीच या कराराबाहेर!

इतिहासाची एक गाठ इथे सांगायला हवी. विक्रांतच्या विमानांनी ज्या चितगाववर हल्ले केले, तिथेच त्या युद्धातल्या बॉम्बहल्ल्यात 'अल अब्बास' नावाचं पाकिस्तानी जहाज निकामी झालं. ते किनाऱ्याला आणलं गेलं आणि १९७४मध्ये भंगारात विकलं गेलं. चितगावच्या अफाट जहाजतोडणीच्या धंद्याची सुरुवात ज्या थोड्या जहाजांपासून सांगतात, त्यांतलं हे एक. युद्धाची आठवण इकडे टाकीवर आली, तिकडे ती लोकांचा रोजगार झाली, आणि दम्याचं दुखणंही.

कुणी म्हणेल, मग तोडणी बंद करायची का? आम्ही तसं म्हणत नाही. जुनं लोखंड परत वापरलं तर तितकं खनिज खणावं लागत नाही, आणि खोपोलीत पोलादाच्या कारखान्यांवर ज्यांची घरं उभी राहिली त्यांच्यासमोर हे सांगायची गरज नाही. जहाज मोडावंच लागतं. आमची तक्रार हिशेबाची आहे. ६० कोटी हा आकडा सगळ्यांना पाठ आहे. त्याच्या खालच्या ओळीत कटरवाल्याचं फुप्फुस आणि बंदराचा गाळ लिहिलेलाच नाही, म्हणून भंगार स्वस्त पडतं. स्वस्ताई कुणीतरी भरतंय.

तेव्हा पुढच्या वेळी एखादी नामांकित नौका मोडीत निघाली आणि तिचा तुकडा जपायची कल्पना पुढे आली, तर आपण जरूर जपू. फक्त सोबत एक यादी मागू: तिच्यावर काम केलेल्या प्रत्येक माणसाचं नाव, गाव आणि छातीच्या तपासणीची तारीख. स्मारकावर नको. एखाद्या सरकारी कपाटात, ४० वर्षं राहील अशी. न्यायालयाने मागितली होती तेवढीच.

आता प्रश्न घेऊ.