नाण्यावर ‘शिव’ आहे, म्हणून ते १६७४ चं होत नाही

आमच्याकडं अमरावती-अकोल्याला कुणाच्या देवघरातून तांब्याची शिवराई निघाली की प्रश्न ठरलेला: ‘महाराजांच्या काळातली आहे ना?’ विचारणाऱ्याचं काही चुकत नाही. चुकतं ते प्रदर्शनांतल्या चिठ्ठ्यांचं आणि संग्रहांच्या याद्यांचं. त्या सरसकट ‘१६७४–१६८०’ लिहून मोकळ्या होतात.

आधार काय, तर एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसरीकडं ‘छत्रपति’. पण हाच मजकूर पुढं वारसांनी, पेशव्यांनी, परवाना घेतलेल्या खासगी टांकसाळींनी तसाच ठेवला. इंग्रजी अमदानीतही शिवराई बाजारात चालत होती. लोक ओळखीचा पैसा घेतात, टांकसाळवाला कशाला बदलेल? चांदीचंही बघा. शाह आलम १८०६ मध्ये वारला, तरी कंपनी त्याच्या नावाचे रुपये पाडतच राहिली, आणि बंगालच्या रुपयावर त्याचं १९ वं राज्यवर्ष गोठलेलंच होतं. ते सगळे रुपये त्याच वर्षीचे, असं कोणी म्हणत नाही. शिवराईला मात्र वेगळा न्याय.

खरा काळ ठरवायचा तर वजन, अक्षरांचं वळण, चिन्हं (दुदांडीच्या दोन आडव्या रेघा उशिराच्या मानतात) आणि नाणं सापडलं ती जागा बघावी लागते. जागेशीच घोडं अडतं. १८७८ च्या निखात निधी कायद्यात दहा रुपयांहून जास्त किमतीचं धन सापडलं तरच कळवायचं बंधन होतं. रुपयाला ६४ पैसे धरले तर दर्शनी भावानं ६४० पैसे झाले! त्याहून लहान तांब्याचं गाडगं कळवायची गरजच नव्हती. सोन्या-चांदीची नोंद झाली, तांबं बहुधा तांबटाच्या मुशीत गेलं.

वऱ्हाडात तर हे जास्तच टोचतं. १५९६ मध्ये हा मुलूख मुघलांकडं गेला, एलिचपूरला (आजचं अचलपूर) त्यांची तांब्याची नाणीही पडत. म्हणजे इथं सापडलेली शिवराई कुठून, कुणाच्या हातानं आली, हाच खरा प्रश्न. ‘१६७४–१६८०’ असं लिहिलं की तो विचारायचाच राहून जातो.

तेव्हा तुमच्या घरी असेल तर चिंचेनं किंवा पितांबरीनं घासू नका. घासलं की अक्षरं आणि वजन दोन्ही झिजतात. सोबत एक कागद ठेवा: गाव, शेत की घर, आणि बरोबर दुसरी कोणती नाणी होती.