आधी प्रश्न, मग पेटारा

आपल्या मंडळाच्या नव्या शोधप्रकल्पाचा कच्चा आराखडा वाचला. विषय दिलाय ‘बडोद्यातील मराठी समाज : आरंभापासून आजपर्यंत’. मंडळी, हा विषय नव्हे, ही तर दारावरची पाटी झाली! यात काय शोधायचं नाही, हे कुठंच लिहिलेलं नाही.

इथं आपल्याच गावाशी नातं असलेलं उदाहरण घेतो. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई अनेक वर्षे सयाजीराव महाराजांच्या पदरी होते. पुढे पुण्याच्या पेशवे दप्तरातल्या हजारो रुमालांतून निवड करून त्यांनी १९३० ते १९३४ या काळात ४५ खंड छापून काढले. मुख्य भर राजकीय पत्रव्यवहारावर. चौकट अशी आखली, म्हणूनच काम तडीस गेलं. पण तोटाही झाला. सामाजिक विषयांना काही जागा मिळाली, तरी हिशेबाचे ढीग बहुतांशी रुमालातच राहिले, आणि छापलं तेवढंच दप्तर, असं वाचणाऱ्याला वाटू लागलं. म्हणजे विषय आवळावा, पण काय वगळलं आणि का, तेही पहिल्याच पानावर नोंदवावं.

म्हणून माझी सूचना अशी. काळ १८७५ ते १९३९, म्हणजे सयाजीरावांची कारकीर्द. माणसं कोण, तर राज्याच्या नोकरीत असलेली मराठी घरं. प्रश्न एकच : त्यांच्या घरच्या कागदांत मोडी जाऊन बाळबोध कधी आली, आणि मराठीच्या जोडीला गुजराती कुठं शिरली? प्रत्येक कागदाची तारीख, लिपी, भाषा आणि प्रकार (पत्र, हिशेब, हुकूम) टिपायचा. सरदार घराणी, देवस्थानं, नाटक मंडळ्या तूर्त बाहेर.

कुणी म्हणेल, वाटेत दुसरं काही मोलाचं सापडलं तर? त्याची वेगळी यादी ठेवू, फोटो काढू; पण त्याच्या मागे धावायचं नाही.

हा हट्ट कशासाठी? आमच्या घरी आजोबांचा एक पेटारा होता. ‘सगळंच नीट लावू’ म्हणत आम्ही वीस वर्षे घालवली. वाडा पाडला तेव्हा अर्धे कागद रद्दीत गेले. उरलेल्यांतली मोडी वाचणारी आत्याही आता नाही. एखादा छोटा प्रश्न घेऊन बसलो असतो, तर निदान एक रुमाल तरी तिच्याकडून वाचून घेतला असता.

पुढच्या बैठकीत आधी हा प्रश्न ठरवू. पेटारे मग उघडू.