प्रॉपेलर, चाक आणि तीन बॅगा

इटलीतल्या तुरिन शहराच्या परिसरात फुटबॉलची दोन नामांकित संग्रहालये आहेत. पहिले युव्हेंटसचे. ते क्लबनेच २०१२ साली आपल्या नव्या स्टेडियमला लागून उभारले. दुसरे तोरीनोचे. ते शहराला पश्चिमेकडून खेटून असलेल्या ग्रुल्यास्को गावात, व्हिला क्लारेत्ता आस्सान्द्री नावाच्या सतराव्या शतकातल्या वाड्यात आहे. ते क्लबने उभारलेले नाही. चाहत्यांनी उभारले आणि दार उघडण्यापासून पाहुण्यांना माहिती सांगण्यापर्यंतची सगळी कामे तेच करतात. ‘ग्रांदे तोरीनो’चे आणि डाळिंबी दंतकथेचे संग्रहालय, अशा अर्थाचे त्याचे लांबलचक नाव आहे. डाळिंबी हा तोरीनोच्या जर्सीचा रंग. एखादी कविता वाचावी तसे वाचण्याजोगे हे संग्रहालय आहे, म्हणून हे रसग्रहण.

संग्रहालयाची संहिता वस्तूंची असते. काय ठेवले, कशाशेजारी ठेवले आणि काय सांगायचे टाळले, यांतून तिचा अर्थ लागतो. या संहितेचा विषय पहिल्या दालनात पाऊल टाकण्याआधीच ठरलेला आहे. ४ मे १९४९ च्या संध्याकाळी, पाचच्या सुमारास, लिस्बनहून बार्सेलोनामार्गे परतणारे फियाट जी-२१२ विमान दाट धुक्यात तुरिनच्या पूर्वेच्या सुपेर्गा टेकडीवर, तिथल्या बासिलिकेच्या मागच्या भिंतीवर आदळले. आतली ३१ माणसे गेली. त्यांत तोरीनोचे १८ खेळाडू होते. म्हणजे जवळजवळ अख्खा संघ आणि अर्धा राष्ट्रीय संघही.

हे ‘अर्धा राष्ट्रीय संघ’ अतिशयोक्तीचे नाही, उलट कमीच आहे. ११ मे १९४७ रोजी इटलीने तुरिनमध्ये हंगेरीला ३-२ ने हरवले, तेव्हा मैदानावरच्या अकरा इटालियन खेळाडूंपैकी दहा तोरीनोचे होते. उरलेला एक, गोलरक्षक, युव्हेंटसचा होता. १९४२-४३ चे विजेतेपद, मग युद्धाचा खंड आणि त्यानंतर सलग चार, अशी लागोपाठ पाच विजेतेपदे या संघाच्या, म्हणजेच ‘ग्रांदे तोरीनो’च्या, नावावर आहेत. शेवटचे विजेतेपद अपघातानंतरचे. लीगचे चार सामने बाकी होते. तोरीनोने कुमार संघ उतरवला आणि प्रतिस्पर्ध्यांनीही आपापली पोरे पाठवली. तोरीनोने ते चारही सामने जिंकले. क्रीडा-इतिहासात शिष्टाचाराचे इतके देखणे उदाहरण शोधून सापडायचे नाही.

इतका मोठा विषय हाताशी असला की मांडणाऱ्याचा तोल जायला वेळ लागत नाही. मोठमोठी छायाचित्रे, काळे पडदे, पार्श्वसंगीत, आणि पाहुणा रडलाच पाहिजे असा बंदोबस्त. ग्रुल्यास्कोचे संग्रहालय या मोहापासून दूर राहते, हा त्याचा पहिला गुण. अपघाताचे म्हणून तिथे जे आहे ते थोडके आहे: विमानाचा एक प्रॉपेलर, एक चाक, फ्युजलाजचे काही तुकडे आणि तीन बॅगा. कर्णधार व्हालेंतीनो मात्सोला, डाव्या बगलेचा बचावपटू वीर्जिलियो मारोझो आणि तांत्रिक संचालक एर्नो एग्री एर्बस्टाइन यांच्या त्या प्रवासी बॅगा.

या तीन बॅगांपाशी थांबायला हवे, कारण संग्रहालयाचा सगळा अर्थ तिथे एकवटला आहे. प्रॉपेलर आणि चाक अपघाताबद्दल बोलतात. बॅग माणसाबद्दल बोलते. ती कोणीतरी लिस्बनच्या हॉटेलात भरली, बंद केली, विमानात चढवली. घरी जाऊन उघडायची म्हणून भरली. मात्सोला तीस वर्षांचा होता. बेन्फिकाचा कर्णधार फ्रान्सिस्को फेरेरा याच्या सन्मानार्थ ठेवलेल्या सामन्यासाठी, म्हणजे निव्वळ मैत्रीखातर, संघ लिस्बनला गेला होता. आदल्याच दिवशी सामना ४-३ ने हरला होता. हरलेल्या मैत्रीपूर्ण सामन्याचा कोणाला सल नसतो, तेव्हा बॅग भरताना मन हलकेच असणार. मात्सोलाचा थोरला मुलगा सांद्रो तेव्हा सहा वर्षांचा होता. तो पुढे इंटर मिलानचा आणि इटलीचा मोठा खेळाडू झाला. मारोझोचे वय तेवीस. त्याच्या बॅगेपाशी मनात येतात ती न झालेली दहा वर्षे.

तिसरी बॅग एर्बस्टाइनची, आणि चोखंदळ प्रेक्षकाने सर्वांत जास्त वेळ द्यावा अशी. हा हंगेरीचा ज्यू प्रशिक्षक. १९३८ साली तो तोरीनोत आला आणि त्याच वर्षी मुसोलिनीच्या सरकारने वंशभेदाचे कायदे केले. त्याला कुटुंबासह देश सोडावा लागला. नेदरलँड्सची वाट धरली तर सीमेवरून परत फिरावे लागले. शेवटी बुडापेस्ट गाठले. १९४४ मध्ये वेठबिगारीच्या छावणीत सापडला, तिथून निसटला, जगला आणि युद्ध संपल्यावर पुन्हा तुरिनला, याच क्लबकडे आला. सामान बांधणे ज्याच्या नशिबी इतक्यांदा आले, त्याची शेवटची बॅग ही. युरोपच्या विसाव्या शतकातले अर्धे पर्व त्या एका वस्तूत आहे. क्लबच्या अधिकृत दालनात कर्णधाराला पहिला मान मिळाला असता आणि प्रशिक्षकाची बॅग कदाचित गोदामात गेली असती. इथे तिन्ही एकाच गोष्टीचे भाग आहेत. गोलांची संख्या किंवा पद पाहून कोणाला उजवे-डावे केलेले नाही.

अशी निवड कोण करू शकतो? ज्याने या वस्तू कचऱ्यात जाताना पाहिल्या आहेत तो. संग्रहालयाच्या जन्माची हकीकत इथेच येते. ग्रांदे तोरीनो ज्या मैदानावर खेळला ते फिलाडेल्फिया. १७ ऑक्टोबर १९२६ रोजी ते सुरू झाले. सहा वर्षांहून अधिक काळ तोरीनो तिथे लीगचा एकही सामना हरला नव्हता. १९६३ नंतर तिथले मोठे सामने थांबले. मैदानावर सराव होत राहिला, पोरे घडत राहिली आणि स्टँड खचत गेले. मालक बदलले, योजना आल्या, कागदावरच राहिल्या आणि १९९७ मध्ये पाडकाम झाले. स्टँडचे दोन कोपरे तेवढे उभे राहिले. त्याच्या तीन वर्षे आधी, १९९४ मध्ये, काही चाहत्यांनी ‘मेमोरिया स्तोरिका ग्रानाता’ ही संस्था काढली होती. मैदानाचे अवशेष, जर्स्या, कागदपत्रे, छायाचित्रे, जे हाती लागेल ते त्यांनी वाचवले, मागून आणले, सांभाळले. २००२ मध्ये पहिले संग्रहालय सुपेर्गाच्या बासिलिकेतच सुरू झाले, म्हणजे जिथे विमान आदळले त्याच टेकडीवर. मग ४ मे २००८ रोजी ते ग्रुल्यास्कोच्या वाड्यात आले.

हे स्थलांतर मला मर्माचे वाटते. सुपेर्गावरचे संग्रहालय स्मारकाच्या सावलीत होते. तिथे येणारा आधीच हात जोडून येतो. फिलिप्पो यूव्हार्राने बांधलेली ती भव्य बासिलिका, मागच्या भिंतीवरचा शिलालेख, फुले, गळपट्टे या सगळ्यांत कुठलीही वस्तू अवशेषच होऊन बसते. वाड्याच्या खोल्यांत ती पुन्हा वस्तू होते. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना पाहुण्याला मृत्यूआधीचे दिवसही दिसतात: खेळ, चेष्टा, वर्तमानपत्रे, जर्सी. आणि मग लक्षात येते की या लोकांचे जाणे इतके मोठे का ठरले. ते आधी फार मजेत जगले होते.

भरताने शोक हा स्थायीभाव मानला आणि करुण हा रस. शोक ज्याचा त्याचा असतो. तो परक्याला देता येत नाही. करुण रस मात्र कोणालाही घेता येतो, अट एवढीच की मांडणाऱ्याने शोक आवरलेला असावा. तुरिनच्या चाहत्यांना हा शोक वारशाने मिळालेला आहे. आज त्या संघाचा खेळ डोळ्यांनी पाहिलेला माणूस मिळणे कठीण. तरी दरवर्षी ४ मे रोजी सुपेर्गावर गर्दी होते आणि तोरीनोचा त्या वेळचा कर्णधार ३१ नावे मोठ्याने वाचतो. बाचिगालूपो, बाल्लारीन, मारोझो, ग्रेझार, रिगामोंती, कास्तिल्यानो, मेंती, लोइक, गाबेत्तो, मात्सोला, ओस्सोला. ही अकरा नावे याच क्रमाने घेतली जातात. आपल्याकडे घरातली मुले अर्थ कळण्याआधी रामरक्षा पाठ म्हणतात, तसा तो क्रम तिथल्या डाळिंबी घरांत पोरांच्या तोंडी बसतो. सुपेर्गावर शोक आहे. ग्रुल्यास्कोत त्याचा रस झाला आहे. म्हणून तोरीनोशी काडीचा संबंध नसलेला माणूसही तिथून भरून येऊन निघतो.

अर्थात काही गोष्टी कुठल्याच दालनात मावत नाहीत. फिलाडेल्फियावर ओरेस्ते बोल्मिदा नावाचा रेल्वेत नोकरी करणारा एक प्रेक्षक ट्रम्पेट घेऊन यायचा. संघ ढिला पडला की तो स्टँडमधून ट्रम्पेट फुंकायचा. ते ऐकून मात्सोला जर्सीच्या बाह्या वर सारायचा आणि पुढची पंधरा मिनिटे प्रतिस्पर्ध्यांची धडगत नसे. या खेळाच्या इतिहासात चाहत्याला इतका थेट वाटा क्वचितच मिळाला असेल. सामना कधी फिरवायचा हे प्रेक्षकातला एक जण सुचवतो आणि कर्णधार ते मानतो. एकदा हे कळले की चाहत्यांनी संग्रहालय काढले याचे आश्चर्य उरत नाही. या क्लबमध्ये चाहता पहिल्यापासून गोष्टीच्या आतच होता.

१९४९ नंतरच्या दालनांबद्दल थोडे तक्रारीच्या सुरात बोलावे लागेल. तिथेही सामग्री कमी नाही. लुईजी मेरोनी हा चित्रे काढणारा, स्वतःचे कपडे स्वतः बेतणारा बंडखोर विंगर १९६७ मध्ये चोविसाव्या वर्षी भर रस्त्यात मोटारीखाली गेला. मोटार चालवणारा तरुण त्याचाच चाहता होता आणि पुढे तोच क्लबचा अध्यक्ष झाला. कादंबरीत कोणी हे लिहिले असते तर संपादकाने कापले असते. पुढे लुईजी रादीचेच्या संघाने, पुलीची आणि ग्रात्सियानीच्या जोडीने, १९७६ चे विजेतेपद आणले. आजवरचे शेवटचे. १९९२ च्या यूईएफए चषकाच्या अंतिम फेरीत तोरीनो अयाक्सविरुद्ध एकही सामना हरला नाही, तरी प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावरच्या गोलांच्या नियमाने चषक गेला. ॲमस्टरडॅमच्या त्या रात्री चेंडू तीनदा गोलखांबाच्या चौकटीला लागला आणि पेनल्टी नाकारली म्हणून प्रशिक्षक एमिलियानो मोंदोनिकोने संतापून खुर्ची डोक्यावर उचलली. तो क्षण तिथल्या लोकांच्या बोलण्यात अजून येतो.

हे सगळे संग्रहालयाच्या कथेत आहे, पण ग्रांदे तोरीनोच्या प्रकाशात ते फिके पडते. संग्रहालयाच्या नावातच पहिला मान त्या संघाला दिलेला आहे. त्यामुळे पुढची प्रत्येक पिढी त्या अकरांच्या मापाने मोजली जाते आणि मेरोनीसुद्धा जणू दुसरा सुपेर्गा म्हणून वाचला जातो. दुर्दैव हाच क्लबचा स्वभाव, असे मानण्याकडे चाहत्यांचा कल आहे. संग्रहालय त्याला थोडे खतपाणी घालते. १९७६ चा आनंद हा आनंद म्हणून, कुठल्याही भूतकाळाची परतफेड न मानता, मांडला असता तर करुणाही अधिक उठून दिसली असती. हे वैगुण्य आहे, पण प्रामाणिक माणसाचे आहे. तटस्थतेचा आव या लोकांनी आणलेला नाही.

फिलाडेल्फियाचे पुढे बरे झाले. चाहत्यांच्या वर्षानुवर्षांच्या रेट्यामुळे आणि वर्गणीमुळेही २०१७ च्या मे महिन्यात ते नव्याने उभे राहिले. जुन्या स्टँडचे ते दोन कोपरे जपून ठेवले आहेत आणि पुढच्या बांधकामाच्या आराखड्यात संग्रहालयाचाही विचार आहे. त्या वस्तू एक दिवस त्यांच्या मूळ जागी जाव्यात हे योग्यच. मात्र वाड्यातल्या मांडणीतला घरगुतीपणा आणि हात राखून बोलण्याची रीत त्यांनी बरोबर न्यावी. नवी इमारत आली की रोषणाई आणि पडदे आपोआप मागे येतात.

फुटबॉलची रुची असो वा नसो, तुरिनला जाणाऱ्याने एक सकाळ ग्रुल्यास्कोसाठी ठेवावी. संग्रहालय स्वयंसेवकांवर चालते, ते प्रामुख्याने शनिवार-रविवारी उघडे असते, तेव्हा वेळ आधी पाहून जावे. आणि एर्बस्टाइनच्या बॅगेपाशी घाई करू नये.

ज्यांना हा खटाटोप हौशी लोकांचा वाटतो त्यांच्यासाठी एक नोंद. २००५ मध्ये जुनी तोरीनो कंपनी दिवाळखोरीत बुडाली आणि क्लब नव्या कंपनीच्या नावावर पुन्हा सुरू झाला. आज क्लब चालवणारी ती कंपनी चाहत्यांच्या या संस्थेपेक्षा अकरा वर्षांनी लहान आहे.