तिळाएवढे अंतर : ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ आणि सूक्ष्म कारणाची मीमांसा

जयंत नारळीकर यांच्या ‘यक्षांची देणगी’ (१९७९) या संग्रहातील ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा मराठी विज्ञानकथेच्या विवेचनात बहुधा समांतर विश्वाची कथा म्हणून उल्लेखिली जाते. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका अपघातानंतर अशा एका जगात जाऊन पोचतात, की जेथे १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासरावांच्या दिशेने आलेली गोळी कानाजवळून निघून गेली आणि मराठ्यांनी पानिपत जिंकले. दोन जगांतील अंतर मुळात तिळाएवढे. त्यापासून निपजलेले अंतर मात्र अवघ्या हिंदुस्थानाच्या इतिहासाएवढे. केऑस सिद्धान्ताचा परिचय असलेल्या आजच्या वाचकास येथे ‘फुलपाखराचा परिणाम’ ही संज्ञा सहजच आठवते, आणि ती संज्ञा लावली की कथेचा उलगडा झाला असे वाटू लागते. हे समीकरण कितपत ग्राह्य आहे, याचा विचार करणे अगत्याचे आहे. कारण त्यावर केवळ एका कथेचे नव्हे, तर इतिहासातील कारणमीमांसेविषयीच्या एका प्रचलित समजुतीचे मूल्यमापन अवलंबून आहे.

प्रथम मूळ सिद्धान्ताकडे वळले पाहिजे. १९६१ च्या हिवाळ्यात मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ हे बारा चलांच्या एका कृत्रिम हवामानाचे गणित रॉयल मॅकबी बनावटीच्या संगणकावर सोडवीत होते. एका जुन्या गणिताचा काही भाग पुन्हा तपासावा, म्हणून त्यांनी यंत्राने पूर्वी छापून दिलेले आकडे मधल्याच एका टप्प्यावर आरंभीचे आकडे म्हणून भरले, आणि ते कॉफी घेण्यास गेले. तासाभराने परत येऊन पाहतात तो नवे हवामान जुन्याशी काही काळ जुळून पुढे हळूहळू फटकत गेलेले, आणि त्या कृत्रिम जगातील दुसऱ्या महिन्यात तर दोहोंत काही साम्यच उरलेले नाही. यंत्रात बिघाड नव्हता. यंत्र आपल्या स्मृतीत दशांश चिन्हापुढे सहा स्थळे राखीत असे, कागदावर मात्र तीनच छापी. ०.५०६१२७ च्या जागी ०.५०६ भरले गेले होते. सुमारे चार हजारांत एक एवढीच ही तफावत. परंतु ती त्या हवामानाच्या दर चार दिवसांनी दुप्पट होत गेली आणि अखेर सारे चित्रच तिने व्यापले.

१९६३ साली ‘जर्नल ऑफ द ॲटमॉस्फेरिक सायन्सेस’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निबंधात लॉरेन्झ यांनी हीच गोष्ट अवघ्या तीन समीकरणांच्या आधारे मांडली. या शोधाचे मर्म पुष्कळदा चुकीच्या ठिकाणी शोधले जाते. लहान कारणातून मोठे कार्य घडते, एवढेच त्यात असते तर त्यात नवे काहीच नव्हते. ठिणगीने वणवा पेटतो हे सर्वांस ठाऊक आहे, आणि प्वांकारे यांनी १९०८ साली ‘विज्ञान आणि पद्धती’ या ग्रंथात आरंभस्थितीतील नगण्य भेद अंती प्रचंड होऊ शकतात हे स्पष्टपणे सांगून ठेवले होते. लॉरेन्झ यांच्या समीकरणांत यदृच्छेला कोठेही वाव नाही. पुढची प्रत्येक अवस्था मागच्या अवस्थेने पूर्णपणे ठरलेली आहे. तरीही भाकीत अशक्य होते, कारण आरंभस्थिती अनंत सूक्ष्मतेने मोजणे कोणासही शक्य नाही. समजा, चूक दर दोन दिवसांनी दुप्पट होते. तर मोजमापाची अचूकता हजारपटीने वाढवूनही भाकिताची मुदत केवळ वीस दिवसांनी वाढेल. नियम आणि अनिश्चितता यांचा हा सहवास हेच या सिद्धान्ताचे खरे वैशिष्ट्य होय. ‘केऑस’ हा शब्द गणितात रूढ झाला तो ली आणि यॉर्क यांच्या १९७५ च्या निबंधामुळे. त्यास मराठीत ‘अंदाधुंदी’ वा ‘गोंधळ’ म्हणणे फसवे आहे. कारण त्या शब्दांत नियमाचा अभाव गृहीत आहे, आणि येथे तर नियमच गोंधळाचा जनक आहे.

फुलपाखराची प्रतिमा यानंतर रूढ झाली. २९ डिसेंबर १९७२ रोजी वॉशिंग्टन येथे दिलेल्या व्याख्यानासाठी लॉरेन्झ यांनी वेळेवर शीर्षक कळविले नव्हते. तेव्हा सत्राचे संयोजक फिलिप मेरिलीस यांनीच ब्राझीलमधील फुलपाखराच्या पंखांनी टेक्सासमध्ये चक्रीवादळ उठते काय, असा प्रश्न शीर्षकादाखल घातला. तो प्रश्न जगभर गाजला. व्याख्यानातील उत्तराकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. पंखांच्या एका फडफडाटाने जर वादळ उठू शकत असेल, तर तेवढ्याच फडफडाटाने ते टळूही शकेल. शिवाय त्या एका फडफडाटाला कारण मानावयाचे, तर आधीच्या आणि नंतरच्या असंख्य फडफडाटांना, इतर असंख्य प्राण्यांच्या हालचालींनाही तेच स्थान द्यावे लागेल, असे लॉरेन्झ यांनी तेथे स्पष्ट केले. अशा सूक्ष्म क्षोभांनी वादळांचे एकूण प्रमाण वाढत नाही की घटत नाही. बदलतो तो फक्त त्यांचा क्रम, असेही त्यांनी सुचविले. याचा अर्थ असा, की या सिद्धान्तात सूक्ष्म कारण अस्तित्वात असते, पण त्याकडे बोट दाखविता येत नाही. ज्या क्षणी एखादे फुलपाखरू निवडून ‘हेच ते’ असे म्हटले जाते, त्या क्षणी सिद्धान्त मागे राहतो आणि कथा सुरू होते.

हा निकष लावून पाहता विश्वासरावांवरील गोळी हे फुलपाखरू नव्हे. पेशव्यांच्या ज्येष्ठ पुत्राचे ऐन रणात पडणे ही ज्या क्षणी घडली त्या क्षणीच मोठी घटना होती. तिचा परिणाम दूरवर झिरपत जाऊन महिन्यांनी प्रकट झाला नाही. पुतण्या पडलेला पाहून भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले, अंबारी रिकामी दिसताच सैन्याचा धीर सुटला, आणि त्याच दिवशी लढाईचा निकाल लागला. येथे कारणसाखळीचा प्रत्येक दुवा डोळ्यांना दिसतो.

नारळीकरांना ही गोष्ट अवगत होती, असे मानण्यास कथेतच आधार आहे. गंगाधरपंतांना त्यांच्या अनुभवाचा अर्थ समजावून देणारा राजेंद्र देशपांडे लॉरेन्झ यांचे नाव घेत नाही. तो कॅटस्ट्रॉफी सिद्धान्ताचा आश्रय करतो. रने तोम यांनी १९७२ च्या ग्रंथात मांडलेला हा सिद्धान्त वेगळ्या जातीचा आहे. क्रिस्टोफर झीमन यांनी दिलेले कुत्र्याचे उदाहरण त्याचे स्वरूप उत्तम रीतीने दाखविते. नुसता चिडलेला कुत्रा अंगावर येतो, नुसता भ्यालेला कुत्रा पळतो. पण क्रोध आणि भय ही दोन्ही सारख्याच तीव्रतेने जागृत झालेला कुत्रा काय करील हे सांगता येत नाही. त्या सीमेवर एखादी किरकोळ गोष्ट त्याला एका वर्तनातून दुसऱ्या वर्तनात एकदम ढकलून देते. मधली अवस्था उरतच नाही. तासन्‌तास लढून थकलेल्या सैन्यास हे उदाहरण किती चपखल लागू पडते ते सांगावयास नको. दोन्ही पक्षांचे बळ तुल्य होते, म्हणून मनोधैर्य निर्णायक ठरले, हे राजेंद्राचे प्रतिपादन याच चौकटीत बसते.

दोन सिद्धान्तांतील भेद केवळ पारिभाषिक नाही. लॉरेन्झ यांच्या व्यवस्थेत सूक्ष्म भेद बहुतेक सर्वत्र आणि सर्वकाळ वाढत राहतो. तोम यांच्या व्यवस्थेत तो फक्त कड्याच्या काठावर असतानाच प्रभावी ठरतो, अन्यत्र विरून जातो. म्हणून दुसऱ्या सिद्धान्ताचा आश्रय करणाऱ्यावर एक जबाबदारी येते : सैन्य कड्याच्या काठावर कसे आले, हे त्याने सांगितले पाहिजे. कथेचा दुबळेपणा असलाच तर तो येथे आहे. त्र्यंबक शंकर शेजवलकरांनी आपल्या ‘पानिपत : १७६१’ या ग्रंथात, आणि त्यांच्या आगेमागे इतर इतिहासकारांनी, ज्या परिस्थितीचा ऊहापोह केला तिचे स्थान या तुल्यबळाच्या गृहीतकात कोठे आहे? सुरजमल जाट निघून गेला होता. शुजाउद्दौला अब्दालीस मिळाला होता. दुआबातून रसद पोचविण्याचा भार वाहणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबर १७६० मध्ये मारले गेले होते. आणि १४ जानेवारीला मराठे बाहेर पडले ते उपासमार असह्य झाल्यामुळे. ज्या सैन्याच्या पोटात अन्न नाही ते काठाच्या नेमके किती जवळ होते, हा प्रश्न गोळीच्या प्रश्नाआधीचा आहे. एवढ्या प्रदीर्घ कारणपरंपरेनंतर तिळाएवढ्या अंतराला सर्व श्रेय किंवा दोष देणे म्हणजे त्या महिन्यांतील निर्णय घेणाऱ्या सर्वांस एकदम दोषमुक्त करणे होय. ई. एच. कार यांनी १९६१ साली ‘इतिहास म्हणजे काय’ या व्याख्यानमालेत क्लिओपात्राच्या नाकाविषयी जे विवेचन केले त्याचा रोखही याच दिशेने होता. आकस्मिक घटना परिणाम घडवितात हे त्यांनी नाकारले नाही. पण ज्या कारणापासून अन्यत्र लागू पडणारा काहीच बोध निघत नाही, त्याला इतिहासाच्या स्पष्टीकरणात स्थान नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

मात्र कथा ही शोधनिबंध नव्हे, आणि कलाकृती म्हणून तिचे सामर्थ्य जेथे आहे तेथे ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. ते बखरीच्या योजनेत आहे. दोन जगांतील भेदाचा पुरावा म्हणून नारळीकर कोणतेही यंत्र पुढे आणीत नाहीत. ‘भाऊसाहेबांची बखर’ या ग्रंथाचे एक फाटके पान पुढे करतात. त्या पानावर गोळी चुकल्याचे श्रेय ईश्वराच्या कृपेला दिलेले आहे. नेहमीच्या बखरीत ती लागल्याचे कारण ईश्वराचा कोप हे आहे. बखरकाराची शैली तीच, शब्दांची ठेवण तीच. पालटला आहे तो फक्त देवाचा कल. बखरवाङ्मयाचा अभ्यास करणाऱ्यास येथे एक मार्मिक गोष्ट दिसेल. ज्या जागी बखरकार दैव ठेवतो, त्याच जागी राजेंद्र पुंजयामिकीतील अनिर्धारितता ठेवतो. स्पष्टीकरणाचा सांगाडा मात्र दोघांचाही एकच आहे. हे लेखकास अभिप्रेत असो वा नसो, कथेत ते उतरले आहे, आणि कोणत्याही सैद्धान्तिक परिच्छेदापेक्षा ते अधिक बोलके आहे. सूक्ष्म पातळीवरील पुंजयामिकी आणि रणांगणावरील आकस्मिक पालट यांचा सांधा राजेंद्र फार घाईने जोडतो, हा आक्षेप भौतिकीचे अभ्यासक घेतील. तो रास्तही आहे, पण साहित्यदृष्ट्या गौण आहे.

अधिक गंभीर आक्षेप पर्यायी जगाच्या रचनेविषयी आहे. सव्वादोनशे वर्षे वेगळ्या वाटेने चाललेल्या त्या जगात मुंबईचे टाऊन हॉल ग्रंथालय आहे, आझाद मैदान आहे, आणि त्या ग्रंथालयात गंगाधरपंतांनीच लिहिलेल्या इतिहासाचे पाच खंड आहेत. पहिले चार जसेच्या तसे, पाचव्यात तेवढा फरक. सूक्ष्म भेद दुपटीदुपटीने वाढत जातात हे एकदा मान्य केले, की १७६१ नंतर जन्मलेल्या कोणत्याही विशिष्ट व्यक्तीचे अस्तित्व गृहीत धरता येत नाही. गंगाधरपंतांच्या मुलाचा त्या जगात थांग लागत नाही, एवढ्यापुरते कथेने हे ओळखले आहे. पण मग वडिलांनी ग्रंथ कसे लिहिले? रे ब्रॅडबरी यांच्या १९५२ च्या ‘अ साउंड ऑफ थंडर’ या कथेतही हीच अडचण आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी पायाखाली फुलपाखरू चिरडले जाते, आणि वर्तमानकाळात पालटतात ते शब्दांची वर्णलेखनपद्धती आणि निवडणुकीचा निकाल. कार्यालय तेच, मेजापाशी बसलेला मनुष्यही तोच. (लॉरेन्झ यांच्या फुलपाखराचा उगम या कथेत आहे असे पुष्कळदा सांगितले जाते, शीर्षकाची वर दिलेली हकीगत पाहता ते संभवनीय वाटत नाही.) अर्थात, कथाकाराला मोजपट्टी हवी असते, सारेच पालटले तर पालटले काय, हे वाचकास कळणार नाही. म्हणून अशा कथा लिहावयाच्या तर सिद्धान्ताशी काही प्रमाणात प्रतारणा करणे अटळच आहे. प्रतारणा कोठे केली आणि कशासाठी केली, हे पाहणे समीक्षेचे काम आहे.

नारळीकरांनी ती एका इच्छेसाठी केली आहे. त्यांच्या पर्यायी हिंदुस्थानात पेशवे विज्ञानाची केंद्रे उभारतात, ईस्ट इंडिया कंपनी मुंबईसारख्या मोजक्या ठाण्यांपुरती उरते, आणि यथाकाल लोकशाहीही येते. एका गोळीचा नेम चुकला आणि पुढचे बहुतेक सर्व चांगलेच घडले. लॉरेन्झ यांनी सांगितलेली समतोल बाजू येथे सुटली आहे. त्या जगात विश्वासराव आणि माधवराव हे दोघे बंधू मिळून राज्याचा विस्तार करतात आणि दादासाहेब बाजूला पडतात, हा तपशील या दृष्टीने विशेष तपासण्याजोगा आहे. वस्तुतः माधवरावांस पेशवेपद मिळाले ते विश्वासराव पानिपतावर पडले आणि त्या धक्क्याने खचलेले नानासाहेब २३ जून १७६१ रोजी वारले म्हणून. ज्या गोळीने लढाई घालविली, तिनेच सोळा वर्षांच्या माधवरावांस गादीवर आणले. मराठी राज्य १७७२ पर्यंतच्या अकरा वर्षांत सावरले ते त्यांच्या कर्तृत्वाने. कथेने गोळी काढून टाकली आहे आणि तिच्यापासून झालेला लाभ मात्र ठेवून घेतला आहे. विश्वासराव जगते, तर माधवराव धाकटे बंधू म्हणून उरले असते. सत्तेपासून दूर राहिलेल्या अशा तरुणाच्या अंगचे गुण प्रकटले असते, की खुद्द दादासाहेबांप्रमाणे त्याचीही उमेद गृहकलहात खर्ची पडली असती, हे कोणतीही बखर सांगू शकत नाही, फाटक्या पानाचीही नाही.