मधली जागा मोकळी : सव्हाना शहराचं एक वाचन

जॉर्जिया राज्यातल्या सव्हाना शहराचं कौतुक बहुधा झाडांपासून सुरू होतं. ओकच्या आडव्या पसरलेल्या फांद्या, त्यांवरून लोंबणाऱ्या स्पॅनिश मॉसच्या राखाडी जटा, खाली विटांच्या पायवाटा. हे सगळं सुंदर आहेच. पण या शहराचं मोठेपण झाडांच्या कितीतरी आधीचं आहे. ते त्याच्या आखणीत आहे. सव्हाना पाहायला जाणाऱ्याने आधी ही आखणी समजून घ्यावी. मग एकेका चौकात बसल्यावर शहर आपलं आपण उलगडत जातं.

12 फेब्रुवारी 1733 रोजी जेम्स ओगलथॉर्प शंभरावर इंग्रज वसाहतकऱ्यांना घेऊन सव्हाना नदीकाठच्या उंच कड्यावर उतरला. तिथे यामाक्रॉ लोकांची वस्ती होती. त्यांचा प्रमुख टोमोचिची याने संघर्षाऐवजी सलोख्याचा मार्ग धरला आणि शहर उभं राहू शकलं. ओगलथॉर्पच्या आखणीचा घटक म्हणजे वॉर्ड. वॉर्डाच्या मधोमध एक मोकळा चौक. चौकाच्या उत्तरेला आणि दक्षिणेला घरांसाठी चाळीस भूखंड, प्रत्येक साठ फूट बाय नव्वद फूट. पूर्वेला आणि पश्चिमेला चार मोठे भूखंड, ते चर्च, न्यायालय, कोठार अशा सार्वजनिक इमारतींसाठी. धर्मादाय खर्चाने आलेल्या प्रत्येक कुटुंबाला शहरातला भूखंड, बाग आणि शेत मिळून पन्नास एकर जमीन. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही.

या मांडणीतली देखणी गोष्ट म्हणजे तिचा क्रम. एरवी शहरात घरं होतात, दुकानं होतात, आणि उरलेल्या तुकड्यावर उद्यान करतात. इथे मोकळी जागा आधी आखली आणि घरं तिच्याभोवती बसवली. तेव्हा त्या जागेत शोभा नव्हती. सैनिकी कवायत, बाजार, विहीर, संकटकाळी आसपासच्या लोकांना आसरा, अशा रोखठोक कामांसाठी ती राखली होती. आज आपण ज्या झाडांखाली बसतो ती पुष्कळ नंतर, एकोणिसाव्या शतकापासून लावली गेली. पण शहर वाढवायचं म्हणजे रस्ते हवे तसे लांबवायचे नाहीत, एक अख्खा वॉर्ड चौकासकट जोडायचा, हा नियम मात्र शंभराहून अधिक वर्षं पाळला गेला. 1851पर्यंत चोवीस चौक झाले. त्यांपैकी 22 आजही आहेत.

नियमाचं सौंदर्य चालताना कळतं. नदीकडून बुल स्ट्रीटने दक्षिणेला निघावं. जॉन्सन, राइट, चिपेवा, मॅडिसन, माँटेरे असे पाच चौक ओळीने येतात आणि शेवटी फोरसाइथ पार्क, त्यातलं 1858चं पांढरं कारंजं. घरांच्या रांगांमधून उन्हातून चालत यावं, समोर सावली दिसायला लागावी, आणि विलंबित ख्यालात आवर्तन पुरं करून समेवर यावं तसं चौकात पोचावं. चौक गाठेपर्यंतची ओढ आणि गाठल्यावरचा विसावा, दोन्ही दर खेपेला नव्याने मिळतं. मोटारीला इथे नाक वळवून चौकाला वळसा घालावा लागतो, वेग कमी करावा लागतो. पायी चालणारा मात्र सरळ मधून जातो. घाईच्या वाहनांसाठी वॉर्डांच्या कडेने न अडणारे रस्ते आहेत. म्हणजे तीन शतकांपूर्वीची ही आखणी आजही पादचाऱ्याला मान देते, आणि त्यासाठी तिला एकही पाटी लावावी लागत नाही.

आता एक चौक जवळून पाहू. राइट स्क्वेअरच्या मध्यभागी विल्यम वॉशिंग्टन गॉर्डन या रेल्वे कंपनीच्या अध्यक्षाचं भव्य स्मारक आहे, खांबांचं, कोरीव, 1883 सालचं. आग्नेय कोपऱ्यात ग्रॅनाइटचा एक ओबडधोबड धोंडा आहे, त्यावर तांब्याचा फलक. तो टोमोचिचीचा. 1739 साली तो वारला तेव्हा त्याला मानाने याच चौकात पुरलं होतं. शहराला जागा देणाऱ्याची ती जागा दीडशे वर्षांनी रेल्वेच्या धनिकाला दिली गेली. 1899 साली गॉर्डनच्याच सुनेच्या पुढाकाराने स्टोन माउंटनचा हा धोंडा आणून बसवला. एका चौकात दोन दगड : एक घडवलेला, मधोमध, एक न घडवलेला, बाजूला. प्रवासी पहिल्याचा फोटो काढतो. थांबून पाहणाऱ्याला दोघांमधलं अंतर दिसतं, आणि ते अंतर हाच या चौकाचा आशय आहे. चुकीची कबुली दिली, पण मधली जागा परत दिली नाही.

हाच ताण सगळ्या शहरात आहे. ओगलथॉर्पच्या वसाहतीत 1735पासून गुलामगिरीला बंदी होती. समान भूखंडांच्या आखणीला ते साजेसंही होतं. पण शेजारच्या कॅरोलायनातली गुलामांच्या श्रमांवर पोसलेली श्रीमंती वसाहतकऱ्यांना खुणावत होती, आणि 1751पासून बंदी उठली. पुढे तांदूळ आणि कापसाच्या पैशावर चौकांभोवती वाडे उठले. त्यांतल्या अनेक वाड्यांची वीट निरखून पाहावी. 'सव्हाना ग्रे' म्हणतात तिला. मोठ्या आकाराची, सच्छिद्र, राखाडीत तांबूस झाक, एक दुसरीसारखी नाही. भिंतीवर ऊन सरकतं तसा तिचा रंग बदलतो. आज तिला मोठा भाव आहे. ती शहराच्या पश्चिमेला हर्मिटेज मळ्यावर गुलामांनी घडवली. ज्या भिंतीला आपण सुंदर म्हणतो तिची एकेक वीट अशा हातांतून आली आहे ज्यांना मजुरी मिळाली नाही. विटेचा रंग पाहताना हे आठवणं म्हणजे रसभंग नव्हे. ते विसरून घेतलेला रस अपुरा आहे.

फ्रँकलिन स्क्वेअरवरच्या फर्स्ट आफ्रिकन बॅप्टिस्ट चर्चमध्ये त्या हातांनी स्वतःसाठी बांधलेली वास्तू पाहायला मिळते. चर्चच्या मंडळीत सांगतात की दिवसभर मालकाचं काम करून रात्री लोक इथे बांधकामाला यायचे. 1859मध्ये इमारत पुरी झाली. तळघरातल्या लाकडी जमिनीत लहान लहान भोकं आहेत, हिऱ्याच्या आकाराच्या नक्षीत पाडलेली. पळून निघालेल्या गुलामांना फळ्यांखाली लपवायचे आणि त्यांना श्वास मिळावा म्हणून ही भोकं, अशी इथली परंपरा आहे. वाड्यांच्या कमानी, लोखंडी कठडे, वळणदार जिने पाहून झाल्यावर या फळ्यांपुढे उभं राहावं. अख्ख्या शहरात मला यापेक्षा अर्थपूर्ण नक्षी दिसत नाही. इथे अलंकार आणि गरज वेगळी काढता येत नाहीत.

तिथून मॅडिसन स्क्वेअरला यावं. ग्रीन-मेल्ड्रिम हाउस या गॉथिक धाटणीच्या घरात यादवी युद्धाच्या अखेरीस जनरल शर्मनचा मुक्काम होता. 12 जानेवारी 1865 रोजी त्याने आणि युद्धमंत्री स्टँटनने इथे वीस कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांना बोलावून विचारलं, की स्वतंत्र झालेल्या तुमच्या लोकांना काय हवं? त्यांच्या वतीने सदुसष्ट वर्षांचे गॅरिसन फ्रेझियर बोलले. त्यांनी काही वर्षांपूर्वी एक हजार डॉलरचं सोनं-चांदी मोजून स्वतःला आणि पत्नीला विकत घेतलं होतं. त्यांचं उत्तर थेट होतं : जमीन हवी, आम्ही ती कसून आपलं पोट भरू. चारच दिवसांत किनारपट्टीची जमीन चाळीस एकरांपर्यंतच्या तुकड्यांनी वाटण्याचा हुकूम निघाला. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष जॉन्सनने तो फिरवला आणि जमिनी जुन्या मालकांकडे गेल्या. प्रत्येक कुटुंबाला सारखी जमीन या विचारावर वसलेल्या शहरात तीच मागणी पुन्हा झाली आणि नाकारली गेली. सव्हानाच्या इतिहासातलं इतकं सलणारं दुसरं काही मला सांगता येणार नाही.

आखणी टिकली ती आपोआप नाही. 1954मध्ये एलिस स्क्वेअरवरची जुनी मंडई पाडून तिथे मोटारींसाठी बहुमजली वाहनतळ उभा केला. त्यानंतर 1820चं डेव्हनपोर्ट हाउस पाडायची वेळ आली, तेव्हा सात बायकांनी पुढे होऊन ते वाचवलं. त्यातून 1955 साली हिस्टॉरिक सव्हाना फाउंडेशन उभं राहिलं आणि शेकडो इमारती वाचल्या. 2010मध्ये एलिस स्क्वेअरही परत मोकळा झाला, मोटारी जमिनीखाली गेल्या. मंडई गेली ती गेलीच. पण आखणीत जागा ठरलेली होती, म्हणून चौक परत मिळवता आला.

माझ्या लेखी या शहराची थोरवी इथे आहे. ओगलथॉर्पचा नियम त्याच्या वारसांच्या वागण्यापेक्षा उदार निघाला. मधली जागा मोकळी ठेवल्यामुळे तिथे काय ठेवायचं, कुणाचं नाव द्यायचं, हा प्रश्न प्रत्येक पिढीला नव्याने घेता येतो. 1851च्या एका चौकाला गुलामगिरीचा कट्टर समर्थक जॉन कॅल्हून याचं नाव होतं. ऑगस्ट 2023मध्ये नगर परिषदेने त्याला सूझी किंग टेलर यांचं नाव दिलं. गुलामगिरीत जन्मलेल्या या बाईंनी सव्हानात चोरून अक्षरं गिरवली, पुढे कृष्णवर्णीय सैनिकांना आणि मुलांना लिहायला-वाचायला शिकवलं आणि 1902 साली आपल्या युद्धकाळातल्या आठवणींचं पुस्तक काढलं. शहराच्या चौकांमध्ये एखाद्या स्त्रीचं नाव असलेला हा पहिला.

म्हणून सव्हानाला जाणाऱ्याने ट्रॉलीतून बावीस नावं ऐकत फिरण्यापेक्षा दोन-तीन चौक निवडावेत आणि प्रत्येक ठिकाणी दोन प्रश्न विचारावेत : मध्यभागी कोण आहे, आणि कडेला कोण आहे? ज्या शहरात हे प्रश्न इतके उघड्यावर, सावलीत बसून विचारता येतात, आणि उत्तर बदलण्याची सोय आखणीतच आहे, ते शहर जगातल्या उत्तम नगररचनांमध्ये धरायला हवं.