तपासले किती, वाचले किती?

२०२२ च्या नवरात्रात महाराष्ट्र शासनाने अठरा वर्षांवरील स्त्रियांसाठी ‘माता सुरक्षित तर घर सुरक्षित’ हे तपासणी अभियान सुरू केले. पुढच्या वर्षी, २०२३ मध्ये, अठरा वर्षांवरील पुरुषांसाठी ‘निरोगी आरोग्य तरुणाईचे, वैभव महाराष्ट्राचे’ हे अभियान आले. गावच्या शाळेत किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात शिबिर, रक्तदाब, रक्तातील साखर, हिमोग्लोबिन, वजन-उंची आणि शेवटी ‘इतक्या जणांची तपासणी झाली’ अशी बातमी, हा क्रम आता आपल्या ओळखीचा झाला आहे. कोल्हापूर जिल्हाही त्याला अपवाद नाही.

या अभियानांचा हेतू चांगला आहे, याबद्दल आम्हाला शंका नाही. घरातले सगळे जेवल्यावर ताटावर बसणारी बाई स्वतःच्या दुखण्यासाठी दवाखान्याची पायरी सहसा चढत नाही. पुरुष तर अंथरुणाला खिळल्याशिवाय डॉक्टरकडे जायचे नाही, असा पणच करून बसलेले असतात. त्यांच्यापर्यंत डॉक्टरने जावे, हे योग्यच. आमचा आक्षेप हेतूवर नसून मोजमापावर आहे. शिबिराचे यश तपासलेल्या माणसांच्या संख्येने मोजणे म्हणजे शाळेचे यश पटावरील नावांनी मोजण्यासारखे आहे.

प्रतिबंध आणि चाळणी

‘उपचारापेक्षा प्रतिबंध बरा’ हे वाक्य आपण फळ्यावर लिहितो आणि त्याखाली आरोग्य तपासणीचे चित्र काढतो. येथेच पहिला घोटाळा होतो. प्रतिबंध म्हणजे रोग होऊच न देणे. लस, स्वच्छ पाणी आणि तंबाखू न खाणे हा प्रतिबंध. लक्षणे नसलेल्या माणसांची तपासणी ही बहुधा केवळ एक चाळणी असते. ती रोग थांबवत नाही, तर ज्यांची पुढे बारकाईने तपासणी करायला हवी, अशांना वेगळे काढते. चाळणीनंतर निवडायला कोणी बसलेच नाही, तर चाळण्याचा उपयोग शून्य.

शिवाय कोणतीही चाळणी अचूक नसते. वर्गात हे उदाहरण फळ्यावर करून पाहावे. १००० माणसांपैकी १० जणांना एक रोग आहे. चाचणी रोग्यांपैकी ९० टक्के ओळखते आणि निरोगी माणसांपैकी ९५ टक्क्यांना ‘निरोगी’ म्हणते. ऐकायला चाचणी उत्तम वाटते. आता हिशेब करू. १० रोग्यांपैकी ९ सापडले. उरलेल्या ९९० निरोग्यांपैकी ५ टक्के, म्हणजे सुमारे ५० जणांनाही ‘दोष आहे’ असा कागद मिळाला. एकूण ५९ कागदांपैकी खरे रोगी ९, म्हणजे साधारण सहांत एक. बाकीच्यांच्या वाट्याला काळजी, पुढच्या चाचण्या आणि खर्च. एक रोगी मात्र ‘सर्व ठीक’ असे ऐकून निर्धास्त घरी गेला.

खासगी प्रयोगशाळांच्या ‘संपूर्ण शरीर तपासणी’च्या जाहिराती याच हिशेबाने वाचाव्यात. रक्तातील बहुतेक घटकांची ‘सामान्य’ मर्यादा अशी आखलेली असते, की निरोगी माणसांपैकी ९५ टक्के तिच्या आत पडावेत. एकमेकींशी संबंध नसलेल्या अशा २० चाचण्या एकदम केल्या, तर पूर्ण निरोगी माणसाचेही सगळे आकडे मर्यादेत येण्याची शक्यता ०.९५ चा २० वा घात, म्हणजे सुमारे ३६ टक्केच उरते. उरलेल्या ६४ टक्क्यांच्या कागदावर कुठेतरी तांबडा आकडा दिसणारच. चाचण्या जितक्या जास्त तितके आरोग्य चांगले, ही समजूत गणितातच टिकत नाही. अनुभवही तेच सांगतो. निरोगी प्रौढांच्या सर्वसाधारण तपासण्यांवरील प्रयोगांचा कॉक्रेन या संस्थेने २०१९ मध्ये एकत्रित आढावा घेतला. त्यात १७ प्रयोगांतील अडीच लाखांवर माणसे होती. अशा तपासण्यांनी मृत्यूंच्या प्रमाणात काही फरक पडलेला आढळला नाही.

‘लवकर सापडला’ म्हणजे काय?

दुसरा फसवा आकडा ‘निदानानंतर पाच वर्षे जगलेल्यां’चा. समजा, एका माणसाचा कर्करोग त्याच्या साठाव्या वर्षी त्याला नेणार आहे. लक्षणे ५७ व्या वर्षी दिसली, तर तो निदानानंतर ३ वर्षे जगला. तपासणीत रोग ५२ व्या वर्षी सापडला, तर ८ वर्षे जगला. आकडा सुधारला, पण मृत्यूची तारीख तीच राहिली. वाढले ते फक्त आजारी म्हणून जगण्याचे वर्ष. दक्षिण कोरियात १९९९ नंतर कर्करोग तपासण्यांचा प्रसार झाला आणि त्यांच्या जोडीने थायरॉइड ग्रंथीची सोनोग्राफीही सर्रास होऊ लागली. १९९३ ते २०११ या काळात या ग्रंथीच्या कर्करोगाचे निदान सुमारे १५ पटींनी वाढले, पण त्याने होणारे मृत्यू होते तेवढेच राहिले. कधीही त्रास न देणाऱ्या गाठींसाठी हजारोंच्या ग्रंथी काढल्या गेल्या. म्हणून तपासणीचा खरा निकष एकच : तपासलेल्यांत आणि न तपासलेल्यांत मृत्यू किती?

बार्शीचा धडा

असा हिशेब आपल्याच महाराष्ट्रात झाला आहे आणि तो जगभर अभ्यासला जातो. बार्शी परिसरात १९८७ पासून ग्रामीण भागातील कर्करोगाची नोंदवही ठेवली जाते. या पायावर, टाटा स्मारक रुग्णालय आणि बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय यांच्या सहभागाने, १९९९ मध्ये उस्मानाबाद (आजचा धाराशिव) जिल्ह्यात एक मोठा प्रयोग सुरू झाला. ३० ते ५९ वयाच्या सुमारे १,३१,००० निरोगी स्त्रियांचे गावागटांनुसार चार भाग केले. एका भागात गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पेशींची पॅप चाचणी, तिसऱ्यात सौम्य अॅसिटिक आम्ल लावून डोळ्यांनी पाहणी, आणि चौथ्यात नेहमीचीच आरोग्यसेवा. प्रत्येक तपासणी एकदाच.

२००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चौथ्या भागातील ३१,४८८ स्त्रियांपैकी ६४ जणी या कर्करोगाने दगावल्या होत्या. एचपीव्ही चाचणीच्या भागातील ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४. म्हणजे हजारी दोनवरून एकावर. आयुष्यात एकदा केलेल्या चाचणीने मृत्यू निम्मे झाले! इतर दोन चाचण्यांनी मात्र एकाच फेरीत लक्षणीय फरक पडला नाही. मुंबईच्या वस्त्यांत टाटा रुग्णालयानेच केलेल्या दुसऱ्या प्रयोगात आम्ल लावून पाहण्याची तपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, चार वेळा केली. तेथे या रोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. म्हणजे साधी, स्वस्त तपासणीही उपयोगी पडते, पण ती नेटाने पुन्हा पुन्हा करावी लागते.

या प्रयोगांवर टीकाही झाली. तुलनेसाठी ठेवलेल्या स्त्रियांना तपासणी न देणे न्याय्य होते का, हा प्रश्न गंभीर आहे, आणि तो झटकून टाकता येणार नाही. त्या स्त्रियांच्या मृत्यूंतून मिळालेले ज्ञान वापरायचेच नाही, हा तर त्याहून मोठा अन्याय होईल. आणि आपण तेच करीत आहोत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या स्त्रिया अवघ्या १.९ टक्के होत्या.

कोणाला, कोणती, आणि पुढे काय?

बार्शीत तपासणी ३० व्या वर्षानंतर का केली? तरुण वयात एचपीव्हीचा संसर्ग पुष्कळांना होतो आणि बहुतेकींच्या शरीरातून तो आपोआप नाहीसा होतो. विसाव्या वर्षी चाचणी केली, तर निष्कारण घबराट. म्हणूनच २०१६ पासूनच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत रक्तदाब, मधुमेह आणि तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांचे कर्करोग यांची चाळणी तिशीनंतर ठेवली आहे. अठरा वर्षांच्या मुलीला हिमोग्लोबिनची तपासणी हवी आणि त्याहून लहान मुलींना एचपीव्हीची लस. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या अशा लशीला २०२२ मध्ये परवानगी मिळाली. खरा प्रतिबंध तो. सर्वांना सर्व तपासण्या, ही समता नव्हे.

पुरुषांच्या बाबतीत केरळचा अनुभव बोलका आहे. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात तोंडाची डोळ्यांनी तपासणी करण्याचा मोठा प्रयोग झाला. २००५ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांत तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने घटले, पण सर्वांचा मिळून विचार केला तर फरक ठामपणे सांगण्याजोगा नव्हता. निपाणीचा तंबाखूपट्टा ज्याच्या उंबऱ्यावर आहे, त्या कोल्हापूरला हे वेगळे सांगायला नको. शिबिरात तंबाखू मळणाऱ्याचे तोंड उघडून नीट पाहायला बॅटरी पुरते. मिश्री लावणाऱ्या बायकांनाही यातून वगळू नये.

आणि पुढे काय? चंदगड तालुक्यातील बाईला शिबिरात ‘कोल्हापूरला जाऊन दाखवा’ असे सांगणे सोपे आहे. सीपीआर रुग्णालय तिथून शंभर किलोमीटरच्या वर. बेळगाव जवळ, पण ते दुसऱ्या राज्यात. दिवसाची मजुरी बुडणार, सोबत कोणीतरी हवे. तिला तारीख, गाडीभाडे आणि भेटायच्या माणसाचे नाव दिले नाही, तर शिबिराने तिला फक्त भीती दिली. उच्च रक्तदाबावरील २०१७ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय उपक्रमात आपल्या शेजारच्या सिंधुदुर्गचा पहिल्या टप्प्यात समावेश होता. तेथे ठरलेली औषधयोजना आणि प्रत्येक रुग्णाच्या पाठपुराव्याची नोंद यांवर भर होता. नोंदवलेल्यांपैकी कितींचा रक्तदाब आटोक्यात आला, हे मोजायचे. शिबिरांनाही हीच मोजपट्टी लावावी.

जागतिक आरोग्य संघटनेसाठी विल्सन आणि युंग्नर यांनी १९६८ मध्येच चाळणी तपासण्यांच्या दहा कसोट्या मांडल्या. त्यांचे सार इतकेच : रोग महत्त्वाचा हवा, तो लक्षणांआधी ओळखता यायला हवा, ओळखल्यावर मान्य उपचार हवा, तो मिळण्याची सोय हवी, आणि हे काम एकदाच न होता सतत चालायला हवे.

शिबिरे बहुधा शाळेच्या आवारात होतात, म्हणून शिक्षकांचा त्यात आवाज आहे. पुढच्या शिबिराला वर्ग उघडून देताना तीन प्रश्न विचारावेत. ही चाचणी या वयाच्या माणसांसाठी आहे का? दोष निघाल्यास ही माणसे कोठे, कोणत्या दिवशी जातील? आणि सहा महिन्यांनी त्यांपैकी किती जणांवर उपचार झाले, हे आम्हाला कोण सांगेल? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर अकरावी-बारावीचे विद्यार्थी एका वहीत, नावे गुप्त ठेवून, आरोग्यसेविकेच्या मदतीने स्वतःच लिहू शकतील. बार्शीची किमयाही अशाच धीराने ठेवलेल्या वहीतून घडली. तशी वही गावोगाव निघाली, तर ‘किती तपासले’ या बातमीखाली ‘किती वाचले’ हेही एक दिवस छापावे लागेल.