हत्तीखाना की शिवलेणी? : अंबाजोगाई येथील शैलगृहाचे एक समीक्षात्मक वाचन

प्रस्तावना

महाराष्ट्रातील लयनस्थापत्याचा विचार प्रामुख्याने अजिंठा, वेरूळ, घारापुरी, कार्ले, भाजे या जगप्रसिद्ध स्थळांभोवती केंद्रित झालेला दिसतो. मराठवाड्यातील महाविद्यालयांच्या शैक्षणिक सहलीही बहुधा त्याच वाटेने जातात. परिणामी बालाघाटच्या डोंगररांगांत कोरली गेलेली लहान-मोठी शैलगृहे स्थानिक इतिहासाच्या पुस्तिकांमधील एखाद्या परिच्छेदापुरती उरली आहेत. बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई येथील शिवलेणी हे याचे ठळक उदाहरण होय. ‘हत्तीखाना’ या नावाने परिचित असलेल्या या लेण्याकडे आजवर राजवंशाच्या आणि आख्यायिकेच्या दृष्टीने पाहिले गेले. कलाकृती म्हणून त्याची रचना काय सांगते, हा प्रश्न मात्र मागे पडला. प्रस्तुत लेखात त्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

स्थळदर्शन

अंबाजोगाईस येणारा बहुसंख्य यात्रेकरू योगेश्वरीच्या दर्शनासाठी येतो. योगेश्वरी ही कोकणस्थ ब्राह्मण समाजातील अनेक घराण्यांची कुलस्वामिनी असल्याने पुणे, कोकण व त्याही पलीकडून कुटुंबे येथे येतात, ओटी भरतात आणि परळीच्या वैजनाथाकडे निघून जातात. जयंती नदीच्या परिसरातील लेण्यापर्यंत त्यांच्यातील फार थोडे लोक पोहोचतात.

येथे कड्याच्या पोटात शिरावे लागत नाही. खडक वरून उकरून मोकळे अंगण घडविलेले आहे, अंगणात नंदीमंडप आहे, त्याच्या दोन्ही अंगांना पाषाणाचे हत्ती उभे आहेत आणि मागे स्तंभांचा विस्तीर्ण सभामंडप खडकात गेलेला आहे. सुमारे 90 फूट लांब आणि 45 फूट रुंद असा हा मंडप 32 स्तंभांवर उभा आहे. ‘उभा आहे’ हा शब्दप्रयोग अर्थातच लौकिकाचा, कारण कोरीव मंडपात स्तंभ आधी आणि छत मागाहून असा क्रम नसतो. छत तेथे होतेच. शिल्पीने त्याच्या खालील खडक काढून टाकला आणि जेथे तो काढला नाही तेथे स्तंभ झाले. पाहणाऱ्याने हे भान ठेवले नाही तर लेणे आणि मंदिर यांतील मूलभूत भेदच त्याच्या दृष्टीस पडत नाही.

नाव, कथा आणि शिल्प

‘हत्तीखाना’ हे नाव अंगणातील हत्तींवरून रूढ झाले, हे उघड आहे. निजामाच्या राजवटीत मोमिनाबाद या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आणि घोडदळाची छावणी असलेल्या गावाला असे नाव रुचणे स्वाभाविकच म्हणावे लागेल. परंतु या एका शब्दाने लेण्याचे मोठे नुकसान केले. परिवाराला मुख्य स्थान मिळाले आणि मुख्य दैवत नावातूनच नाहीसे झाले. देवालयाचा जणू तबेला झाला.

‘जोगाईचा सभामंडप’ या दुसऱ्या नावामागे एक हृद्य कथा आहे. अंबेच्या योगेश्वरीचा विवाह परळीच्या वैजनाथाशी ठरला होता. लग्नाचा मुहूर्त टळला, वऱ्हाड जागच्या जागी शिळा झाले आणि देवी कुमारिकाच राहिली, असे परिसरात सांगितले जाते. लेण्यातील मंडप हा तोच लग्नमंडप आणि हत्ती हे त्याच वऱ्हाडातील. ही कथा पुरातत्त्वाच्या कसोटीवर टिकत नाही म्हणून ती बाजूला सारण्याची प्रथा आहे. प्रस्तुत लेखकास ही प्रथा घाईची वाटते. कथाकारांनी या रचनेतील एक गुण अचूक हेरला आहे, तो म्हणजे येथील प्रतीक्षेचा भाव. मंडप रिकामा आहे, अंगण रिकामे आहे, हत्ती सजून उभे आहेत आणि कोणीतरी यावयाचे आहे, असा ठसा या अवकाशाचा पाहणाऱ्यावर खरोखरच उमटतो. शास्त्रीय वर्णनांत मोजमापे येतात, हा ठसा येत नाही.

तथापि कथा जेथे संपते तेथे शिल्प तिला विरोध करते. कथेनुसार वर आलाच नाही. परंतु वैजनाथ म्हणजे शिव, आणि अंगणाच्या मध्यभागी नंदी बसलेला आहे. शिवमंदिराच्या विन्यासात नंदीचे स्थान ठरलेले असते. तो स्वामीची वाट पाहत नाही, तर स्वामीकडे पाहत असतो. नंदीमंडप स्वतंत्रपणे कोरून त्याला अंगणाचे केंद्रस्थान देणाऱ्या शिल्पीच्या मनात शिव आधीच गर्भस्थानी विराजमान आहे. म्हणजे लोककथेने ज्या वराला परळीतच थांबविले, त्याला शैलगृहाने अंबेत केव्हाच प्रतिष्ठित केलेले आहे. देवीच्या कौमार्यावर ज्या क्षेत्राचे माहात्म्य उभे राहिले तेथे शिवाचे एवढे मोठे लेणे हे पुढील काळातील भाविकांना अडचणीचे वाटले असावे, आणि लग्नमंडपाच्या कथेने ती अडचण सोडविली असावी, असा तर्क करण्यास येथे वाव आहे. वास्तू तीच राहिली, स्वामी बदलला. शैव आणि शाक्त परंपरांचे परस्परसंबंध अभ्यासणाऱ्यांसाठी हा मुद्दा महत्त्वाचा ठरतो.

काळ आणि ‘उतरणी’चा सिद्धान्त

या लेण्यांचा काळ सामान्यतः माळव्याच्या परमार घराण्यातील उदयादित्याच्या कारकिर्दीशी, म्हणजे इसवी सनाच्या अकराव्या शतकाच्या उत्तरार्धाशी जोडला जातो. राजाचे नाव मिळाले की चर्चा तेथेच थांबते, हा आपल्याकडील स्थानिक इतिहासलेखनाचा जुना दोष आहे. एखाद्या राजाचा काळ आणि छिन्नीचा पहिला घाव यांत पिढ्यांचे अंतर असू शकते. म्हणून राजवंशाचे नाव हे समीक्षेचे पहिले वाक्य असावे, शेवटचे नव्हे.

दुसरी अडचण एकोणिसाव्या शतकातील पाश्चात्त्य अभ्यासकांनी निर्माण केली. जेम्स बर्जेस यांनी 1875-76 मध्ये निजामाच्या राज्यातील बिदर व औरंगाबाद जिल्ह्यांतील पुरावशेषांची पाहणी केली. त्यांचे ऋण मान्य करावेच लागेल. परंतु त्यांचे सहकारी जेम्स फर्ग्युसन भारतीय शिल्पकलेचा इतिहास हा सतत उतरणीचा इतिहास मानीत. या दृष्टीने पाहिले तर वेरूळच्या कैलासानंतरचे कोणतेही ब्राह्मणी लेणे अनुकरण किंवा ऱ्हास ठरणारच. आपल्या पाठ्यपुस्तकांतील ‘उत्तरकालीन’ या विशेषणाला आजही हाच कडवट वास आहे.

प्रत्यक्ष तुलना केल्यास चित्र वेगळे दिसते. राष्ट्रकूट कृष्ण पहिला याच्या काळात (इ. स. 756-773) कोरलेल्या कैलासात खडक वरून खाली उतरविला आहे, नंदीमंडप स्वतंत्र आहे आणि अंगणात दोन सुटे हत्तीही आहेत. अंबाजोगाईच्या शिल्पीला हे घटक परिचित होते यात शंका नाही. मात्र कैलासात मागील कडा सुमारे 100 फुटांहून उंच आहे, पीठावरील हत्तींच्या रांगा संपूर्ण मंदिर पाठीवर पेलतात आणि माणूस खालून वर पाहत लहान होत जातो. अंबाजोगाईत हत्ती काहीही पेलत नाहीत. ते अंगणात नंदीच्या शेजारी, पाहणाऱ्याच्या सोबत उभे आहेत. मंडप उंचीने दिपविण्याऐवजी आडवा पसरतो आणि बसण्यास बोलावतो. भव्यतेचा त्याग करून सान्निध्य साधणारी ही वेगळी कल्पना आहे. तिला कैलासाची दुबळी नक्कल म्हणणे म्हणजे सभागृहाला मनोरा नाही म्हणून दोष देण्यासारखे होय.

दगडाचाही विचार करावयास हवा. लातूर जिल्ह्यातील खरोसा येथील लेणी जांभ्यात कोरलेली असल्याने तेथील शिल्पे पुसट झाली आहेत. अंबाजोगाईचा खडक दख्खनच्या काळ्या पाषाणाचा आहे. तो कठीण खरा, परंतु त्याचे थर एकसारखे नसतात आणि थरांच्या सांध्यांतून पाणी झिरपते. उघड्यावरील हत्ती आज झिजलेले व भंगलेले दिसतात. त्यांच्या सोंडा, झुली व अलंकार यांविषयी जे काही नोंदवावयाचे आहे ते या पिढीनेच नोंदविले पाहिजे.

कोरीव आणि बांधीव

अंबाजोगाईचे खरे शैक्षणिक महत्त्व असे की, एकाच गावात कोरीव आणि बांधीव मंडप शेजारी-शेजारी अभ्यासता येतात. बाराखांबी या नावाने ओळखले जाणारे सकलेश्वर मंदिर शके 1150, म्हणजे इ. स. 1228 मधील, यादवकालीन आहे. अशा मंदिरांना सरसकट ‘हेमाडपंती’ म्हटले जाते. परंतु हेमाद्री महादेव व रामचंद्र या यादव राजांच्या पदरी होता आणि महादेवाचे राज्यारोहणच मुळी इ. स. 1261 च्या सुमाराचे. तेव्हा 1228 मधील मंदिराला त्याचे नाव देणे हे हत्तीखान्याइतकेच चुकीचे नामकरण आहे. बाराखांबीचा प्रत्येक स्तंभ वरच्या तुळईचा भार खरोखर वाहतो, त्यामुळे त्याच्या स्तंभशीर्षाला काम आहे. शिवलेणीतील स्तंभांवर तसा जोड नाही. तरीही त्यांना बांधीव मंडपातील स्तंभांचे रूप देण्यात आले आहे. गरज नसताना हे रूप का घेतले, याचे उत्तर तंत्रात मिळणार नाही. त्या काळापर्यंत ‘देवालय’ या कल्पनेचा आकारच बांधीव मंडपाने निश्चित केला होता, हे त्याचे कारण दिसते. गुहेने मंदिरासारखे दिसावे अशी अपेक्षा रूढ झाली होती.

सकलेश्वराच्या परिसरात राज्य पुरातत्त्व विभागाच्या 2024 मधील उत्खननात आणखी दोन मंदिरांचे पाये उघडकीस आले. त्यांचे आराखडे आणि शिवलेणीच्या 32 स्तंभांचे अंतरमापन एकाच कागदावर मांडता येईल. इतिहास, भूगोल आणि मराठी या तीन विभागांनी मिळून दोन दिवसांत होण्याजोगे हे काम आहे आणि त्यासाठी वेरूळपर्यंत बस नेण्याचीही गरज नाही.